जर्मनीत तरुण पुढारी व्हायचंय? आधी म्हातारे व्हा

आपल्याकडे तरुण पुढारी ओळखायला सोपा. चौकातल्या फ्लेक्सवर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, खाली 'भावी आमदार' आणि त्याखाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे चाळीस चेहरे. वय पन्नाशीला टेकलं तरी हरकत नाही. वडील खुर्चीत आहेत तोवर चिरंजीव युवा नेतेच. जर्मनीत, त्यातून तिथल्या पुराणमतवादी पक्षात, हिशेब नेमका उलटा. तिथे वय खरोखरच कमी लागतं, फक्त ते कुणाच्या लक्षात येता कामा नये.

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. तुमच्याकडे थोडी महत्त्वाकांक्षा, एक गडद निळा सूट आणि चिकार वेळ आहे, एवढंच गृहीत धरलंय. नमुना म्हणून फिलिप आम्टोर यांना समोर ठेवू. जन्म 10 नोव्हेंबर 1992. गाव युकरम्युंडे: देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, पोलंडच्या सीमेलगत, खाडीकाठी. जिथून तरुण मंडळी बॅगा भरून निघून जातात, त्यातलं एक. 2017 मध्ये, वयाच्या 24व्या वर्षी हे गृहस्थ बुंडेस्टागात, म्हणजे जर्मन संसदेत पोचले. मे 2025 पासून डिजिटल आणि राज्यकारभार आधुनिकीकरण खात्यात संसदीय राज्यसचिव आहेत. आपल्या भाषेत राज्यमंत्री म्हणा. मधल्या आठ वर्षांत एक गाजलेलं भाषण, एक कुणीच न पाहिलेला व्हिडिओ, एक बऱ्यापैकी मोठं प्रकरण आणि मतदारसंघात सपशेल हार. अभ्यासक्रमाला याहून भरगच्च आयुष्य शोधून सापडणार नाही.

आधी उच्चार. पक्षाचं नाव ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन. इंग्रजी वळणानं 'सी-डी-यू' म्हणालात की तिथल्या तिथे पाहुणे ठरलात, 'त्से-डे-ऊ' म्हणायचं. बव्हेरियात या पक्षाची शाखा नाही, तिथे सख्खी बहीण सीएसयू नांदते. दोघी संसदेत एकाच घरात राहतात, पण भांडीकुंडी वेगळी आणि रुसवेफुगवे कायम.

पूर्वतयारी: चेहरा

आरशासमोर उभे राहा. कडेनं भांग पाडा, असा की वादळातही केस हलणार नाहीत. चष्मा असेल तर उत्तम, नसेल तर डोळे तपासून घ्या, काहीतरी निघेलच. कोटाच्या कॉलरवर काळ्या-लाल-सोनेरी झेंड्याचा छोटा बिल्ला. आता स्वतःला विचारा: हा माणूस मला कर्ज देईल का? उत्तर 'नाही, पण नकाराचं पत्र फार सुरेख लिहील' असं आलं, तर तयारी पूर्ण झाली.

आम्टोर यांच्या या रूपाची सोशल मीडियावर इतकी टिंगल झाली की दुसरा एखादा जीन्स घालून मोकळा झाला असता. त्यांनी तसं केलं नाही, आणि इथेच नवशिक्यानं वहीत टिपून घ्यावं. चेष्टा करायलासुद्धा लोकांना तुमचा चेहरा लक्षात ठेवावा लागतो. बुंडेस्टागात सातशेवर सदस्य होते त्या काळात किती जणांचे चेहरे सामान्य जर्मन माणसाला आठवत होते? शिवाय आम्टोर शिकारीचा परवाना असलेले, आणि 2019 मध्ये, ऐन पंचविशी ओलांडल्यावर, त्यांनी कॅथलिक पंथात बाप्तिस्मा घेतला. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोकांचा चर्चशी संबंधच उरलेला नाही, आणि पक्षाच्या नावातला पहिला शब्द तर 'ख्रिश्चन'. त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायचं आपल्याला काही कारण नाही. नवशिक्यानं फक्त एवढं बघावं की नावाच्या पाटीवर जे लिहिलंय ते घरातही असलेलं बरं दिसतं.

धडा पहिला: तीन गृहं

जर्मनीत अशा कारकिर्दीला एक टोमणा ठरलेला आहे: क्राइसझाल, होरझाल, प्लेनारझाल. गंमत म्हणजे तो मराठीत जर्मनपेक्षाही झोकात बसतो: प्रसूतिगृह, व्याख्यानगृह, सभागृह. जन्मला, शिकला, निवडून आला. नोकरीचं गृह या यादीत कुठेच नाही.

पक्षाची युवा संघटना, युंगे युनियन, 1947 सालची. सीडीयू आणि सीएसयू या दोन्ही बहिणींची ही सामाईक मुलं. प्रवेश वयाच्या चौदाव्या वर्षापासून. आपल्याकडे चौदाव्या वर्षी मुलगा पावसात फुटबॉल खेळतो किंवा क्लासला दांडी मारतो. तिकडचा होतकरू पुराणमतवादी त्या वयात सभेचं इतिवृत्त लिहायला शिकतो. हेल्मुट कोल 1946 मध्ये सोळाव्या वर्षी पक्षात आले आणि पुढे सोळा वर्षं चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख राहिले. येन्स श्पान 1995 मध्ये पंधराव्या वर्षी युंगे युनियनमध्ये, बाविसाव्या वर्षी खासदार. आम्टोर 2008 मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या वयात.

व्याख्यानगृहात जास्त रेंगाळू नका. श्पान यांनी आधी बँकेतलं शिक्षण पुरं केलं, आणि हागनच्या मुक्त विद्यापीठाची पदवी 2008 मध्ये, पदव्युत्तर पदवी 2017 मध्ये घेतली. दोन्ही वेळा ते खासदार होतेच. पाउल त्सिमियाक कायद्याची परीक्षा पार न करताच आधी युंगे युनियनचे अध्यक्ष आणि मग सीडीयूचे सरचिटणीस झाले. आम्टोर यांनी ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात 2012 ते 2017 कायदा शिकला, परीक्षा दिली आणि त्याच वर्षी थेट संसदेत. बायोडेटात 'अनुभव' हा रकाना भरायला वेळच मिळाला नाही. हा दोष आहे का? विरोधक हो म्हणतात. मला विचाराल तर बावीस वर्षं विमा विकून मग राजकारणात आलेला माणूस लोकांचं दुःख जास्त ओळखतो, याचाही पुरावा मला अजून कुणी दाखवलेला नाही.

धडा दुसरा: बैलवाट

हा धडा सगळ्यात लांब आहे, कारण प्रत्यक्षातही तोच सगळ्यात लांब असतो.

जर्मन पक्षात खालून वर चढत जाण्याला 'ऑक्सनटूर' म्हणतात. शब्दशः बैलाची फेरी. आपल्याकडे याच गोष्टीला सतरंज्या उचलणं म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे सतरंज्या उचलणारा तिकिटाच्या वेळी बाहेरच्या गेटपाशी उभा असतो आणि तिकीट काल पक्षात आलेल्या उद्योगपतीच्या खिशात जातं. तिकडे बैलाला चाऱ्याची बऱ्यापैकी खात्री असते. कारण उमेदवार वरून येणाऱ्या फोनवर ठरत नाही. मतदारसंघातले सभासद किंवा त्यांनी निवडलेले प्रतिनिधी एका हॉलमध्ये जमतात आणि गुप्त मतदानानं उमेदवार निवडतात. कायदाच तसा आहे. तेव्हा ज्या साठ-सत्तर माणसांच्या हातात ती चिठ्ठी असेल, त्यांच्या वाढदिवसांना तुम्ही दहा वर्षं गेलेले असणं हा राजकीय सिद्धांताचा पाया समजा.

बैलवाटेचं पहिलं पद 'बाइझित्सर'. शब्दाचा अर्थ शेजारी बसणारा. कामही तेवढंच. अध्यक्ष असतो, उपाध्यक्ष असतो, खजिनदार असतो, आणि शेजारी तुम्ही बसलेले असता. मान डोलावत राहा. तीन वर्षांनी खजिनदार कंटाळतो, मग तुम्ही खजिनदार. आम्टोर पुढे युंगे युनियनच्या राष्ट्रीय पातळीवर खजिनदारच होते. हिशेबाच्या वहीला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण ती ज्याच्या हातात असते त्याला सगळे ओळखतात.

शनिवार सकाळचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाजारचौकात एक घडीचं टेबल, वर पक्षाच्या रंगाची छत्री. टेबलावर पत्रकं, बॉलपेनं, मुलांसाठी गमीबेअरच्या छोट्या पुड्या. तापमान चार अंश. समोरून एक आजोबा येतात, हातात कांद्याच्या पातीची पिशवी. ते पेन घेतात, खिशात टाकतात, दुसरं घेतात, आणि मग पंचवीस मिनिटं रेल्वे फाटकावर बोलतात. फाटक बंद झालं की फार वेळ बंदच राहतं. पूर्वी असं नव्हतं. तुम्ही अडवायचं नाही. 'हे फाटक रेल्वेच्या अखत्यारीत येतं' हे खरं असलं तरी म्हणायचं नाही. वहीत लिहून घ्यायचं, आणि पुढच्या शनिवारी आजोबा दिसले की आपणहून म्हणायचं, 'फाटकाबद्दल पत्र टाकलंय.' त्या दिवशी ते पेन घेत नाहीत, हात मिळवतात. मत मिळालं. एक. असे लाखभर शनिवार लागतील असं वाटेल, पण घाबरू नका, आजोबांना बायको, दोन भाऊ आणि पत्त्यांचा अड्डा आहे.

दुपारी स्वयंसेवी अग्निशमन दलाचा वर्धापनदिन. खेड्यापाड्यांतली आग जर्मनीत बहुतांशी गावकरीच विझवतात, आणि त्यांच्या जत्रेला न जाणारा उमेदवार पुढच्या निवडणुकीत आपोआप विझतो. तिथे तुम्हाला 'ग्रूसवोर्ट' म्हणजे शुभेच्छापर चार शब्द बोलायला सांगतील. चारच बोला. सॉसेज थंड होत असतं.

धडा तिसरा: घोड्यावरून जाणाऱ्यांसाठी

बैलवाट नको असेल तर घराणं लागतं. यासाठीचा नमुना कार्ल-तेओडोर त्सू गुटेनबर्ग. सरदार घराणं, आजोबा सीएसयूचे नेते, वडील संगीतसंचालक, घरचा किल्ला. फेब्रुवारी 2009 मध्ये, 37व्या वर्षी आर्थिक व्यवहार मंत्री. त्याच वर्षी ऑक्टोबरात संरक्षणमंत्री. 2009 च्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघात 68.1 टक्के मतं, देशात सर्वांत जास्त. भावी चॅन्सेलर म्हणून नाव घेतलं जाऊ लागलं होतं.

त्यांच्या नावाचीच एक गोष्ट आहे. पूर्ण नाव आठ-दहा नावांची माळ. मंत्री होण्याच्या सुमारास कुणा वात्रटानं विकिपीडियावर त्या माळेत आणखी एक 'विल्हेल्म' घुसवला. भल्याभल्या वर्तमानपत्रांनी तो तसाच छापला. दहा नावांत अकरावं कुणाला खटकणार? दोन वर्षांनी त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधाचं झालं तेही असंच: एवढ्या पानांत दुसऱ्याची कुणाला ओळखू येणार, असं वाटलं असावं. पण लोकांनी इंटरनेटवर एकत्र बसून पान न् पान तपासलं. 393 पैकी 371 पानांवर उचललेला मजकूर निघाला. प्रबंधाची सुरुवातच एका वर्तमानपत्री लेखातून आलेली. फेब्रुवारी 2011 मध्ये बायरॉइट विद्यापीठानं पदवी काढून घेतली, 1 मार्चला राजीनामा. पुढे त्यांनी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातून नव्यानं पीएचडी मिळवली, पण मंत्रिपद काही परत आलं नाही.

नवशिक्यांसाठी टीप: जर्मनीत 'डॉक्टर' ही पदवी ओळखपत्रावर छापून घेता येते. म्हणून मोह होतो. मोह आवरा, किंवा प्रबंध स्वतः लिहा. दुसरा उपाय जास्त वेळखाऊ आहे.

धडा चौथा: विमानातले मित्र

जुलै 1979. युंगे युनियनचं एक शिष्टमंडळ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर. कराकासहून सान्तियागोला जाणारं रात्रीचं विमान, खाली आन्देस पर्वत, हातात व्हिस्की. तिथे या पोरांनी एकमेकांना शब्द दिला: आपण कधीही एकमेकांविरुद्ध उभं राहायचं नाही, एकमेकांचा राजीनामा मागायचा नाही. अळीमिळी गुपचिळी. पुढे या 'आन्देस करारा'तून मुख्यमंत्र्यांची रांग निघाली: हेसेचे रोलांड कोख, लोअर सॅक्सनीचे क्रिस्टियान वुल्फ, बाडेन-व्युर्टेम्बर्गचे ग्युंथर एटिंगर. 2003 मध्ये 'डेअर श्पीगल' साप्ताहिकानं हे गुपित फोडेपर्यंत बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

करारात एकच खोट होती. 1979 मध्ये अंगेला मेर्केल भिंतीच्या पलीकडे, पूर्व जर्मनीत होत्या, आणि त्या विमानात अर्थातच नव्हत्या. त्यामुळे त्यांना कुणीच काही शब्द दिला नव्हता आणि त्यांनीही कुणाला दिला नव्हता. बाकी सगळे एकमेकांची वाट सोडत राहिले. त्या मोकळ्या वाटेनं चालत बाई सोळा वर्षं चॅन्सेलर झाल्या.

मित्र जरूर जोडा. पण विमानात कोण नाही, तेही मोजा.

धडा पाचवा: बोलावं कधी

22 फेब्रुवारी 2018. कडव्या उजव्या एएफडी पक्षानं सार्वजनिक ठिकाणी पूर्ण बुरख्यावर बंदीचा ठराव आणला. आम्टोर तेव्हा पंचवीस वर्षांचे, संसदेत येऊन पाच महिनेही झालेले नव्हते. बुरखा त्यांनाही पसंत नाही, हे ते लपवत नव्हते. पण उभे राहून त्यांनी त्या ठरावाची अशी चिरफाड केली, की राज्यघटनेच्या परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याचा पेपर प्राध्यापक वर्गात वाचून दाखवतोय असं वाटावं. व्हिडिओ देशभर फिरला. यातलं कसब लक्षात घ्या: विरोधकाच्या मताला हात लावला नाही, त्याच्या व्याकरणाला लावला. आपले मतदारही दुखावले नाहीत आणि डाव्यांच्याही टाळ्या मिळाल्या. पुराणमतवाद्याचा असा दिवस आयुष्यात एखादाच येतो.

धडा सहावा: गप्प कधी बसावं

18 मे 2019. युरोपीय निवडणुकीला आठवडा उरलेला. रेझो नावाच्या निळ्या केसांच्या यूट्यूबरनं सीडीयूचे वाभाडे काढणारा जवळजवळ तासाभराचा व्हिडिओ टाकला. बघता बघता लाखो लोकांनी पाहिला. पक्षात धावपळ: उत्तर कोण देणार? तरुण पाहिजे. आपल्याकडे तरुण आहे का? आहे, एक. रेझोचा जन्म 1992 चा, आम्टोर यांचाही 1992 चा. एकाच इयत्तेतली दोन पोरं, एकाचे केस निळे, दुसऱ्याचा भांग चापून.

आम्टोर कॅमेऱ्यासमोर बसले, उत्तराचा व्हिडिओ तयार झाला. पक्षश्रेष्ठींनी तो पाहिला आणि दाखवायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी पक्षानं काय दिलं? अकरा पानांची पीडीएफ. निळ्या केसांना अकरा पानांची पीडीएफ! आपल्या तालुक्याच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूनंही इतकं निर्विकार उत्तर दिलं नसतं. तो व्हिडिओ आजतागायत बाहेर आलेला नाही, आणि माझं मत विचाराल तर ती आम्टोर यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कृपा आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला कुणी वाईट म्हणू शकत नाही.

धडा सातवा: गरुडाच्या छापाचा कागद

आता प्रकरण. प्रत्येक कारकिर्दीत एक येतंच; तुमचं येईल तेव्हा हा धडा काढून वाचा.

खासदाराला लेटरहेड मिळतं, वर संघीय गरुड. दिसायला साधा कागद, पण तो पाठवला की समोरच्या खात्यात फाइल हलते. 2018 च्या शरदात आम्टोर यांनी अशा कागदावर आर्थिक व्यवहार मंत्री पेटर आल्टमायर यांना पत्र लिहिलं: न्यूयॉर्कच्या ऑगस्टस इंटेलिजन्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नवख्या कंपनीला राजकीय पाठबळ मिळावं. पुढे मंत्रालयाच्या आणि कंपनीच्या भेटीगाठी झाल्या. 2019 मध्ये आम्टोर कंपनीच्या संचालकपदावर. सोबत 2,817 समभाग घेण्याचे हक्क. न्यूयॉर्क, कॉर्सिका, सेंट मॉरिट्झच्या वाऱ्या. कंपनीच्या वर्तुळात कोण होतं? आपले तिसऱ्या धड्यातले गुटेनबर्ग. पुराणमतवाद्यांचं जग फार मोठं नसतं.

जून 2020 मध्ये 'डेअर श्पीगल'नं हे छापलं. कॉर्सिका आणि सेंट मॉरिट्झ ही नावं युकरम्युंडेच्या बाजारचौकात कशी ऐकू गेली असतील, याची कल्पना करा. फाटकाच्या पत्राचं काही होईना, आणि या पत्राचं झटक्यात?

आता पाहा आम्टोर यांनी काय केलं. नाकारलं नाही. 'अभ्यास करून बोलतो' म्हणाले नाहीत. आपलं चुकलं, पण आपण विकले गेलेलो नाही, असं सांगितलं. कंपनीतलं काम सोडलं, हक्क वापरले नव्हते तेही सोडले. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या आपल्या राज्यात ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होणार हे जवळपास ठरलेलं होतं. त्या शर्यतीतून त्याच महिन्यात माघार घेतली. बर्लिनच्या सरकारी वकिलांना चौकशी सुरू करण्यापुरताही संशय आढळला नाही. आढळणार कसा? खासदारानं काय करू नये याचे नियमच तेव्हा इतके सैल होते, की त्यातून बैलगाडी गेली असती. मग गाजावाजा झाला आणि त्या धक्क्यानं लॉबिंग करणाऱ्यांची सक्तीची नोंदवही आली, 1 जानेवारी 2022 पासून. एका अर्थानं आम्टोर यांच्या नावावर एक मोठी लोकशाही सुधारणा जमा आहे. ते श्रेय घेताना दिसत नाहीत, हा त्यांचा विनय.

पदं सोडायची, खासदारकी सोडायची नाही: या धड्याचं मर्म इथे आहे. गुटेनबर्ग यांनी सगळंच सोडलं आणि घरी गेले. घोड्यावरून पडलेला माणूस लोकांना दुरून दिसतो. बैल अडखळला तर शेजारचा बैल तेवढं जू सावरतो, कारण तो दहा वर्षं शेजारी बसलेला असतो.

धडा आठवा: यादी

जर्मन मतपत्रिकेवर दोन रकाने. पहिलं मत माणसाला, दुसरं पक्षाला. पक्षाला जितकी दुसरी मतं, तितक्या जागा, आणि त्या भरायला राज्यवार यादी. यादीत वरचा क्रमांक म्हणजे आपल्याकडची विधान परिषद: लोकांनी नाही म्हटलं तरी आत.

प्रकरणाला वर्ष व्हायच्या आत आम्टोर यांच्याच प्रदेश पक्षानं त्यांना यादीत पहिल्या क्रमांकावर बसवलं. सप्टेंबर 2021 मध्ये मतदारसंघात ते तिसरे आले: पहिला सोशल डेमोक्रॅट पक्ष (एसपीडी), दुसरा एएफडी. तरी संसदेत. फेब्रुवारी 2025 मध्ये मतदारसंघ पुन्हा गेला, या वेळी एएफडीकडे. तरी संसदेत. त्याच निवडणुकीत नव्या कायद्यामुळे देशभरात 23 उमेदवार मतदारसंघात पहिले येऊनही घरी बसले, कारण त्यांच्या पक्षाच्या दुसऱ्या मतांत त्यांच्यापुरती जागा उरली नाही. त्यांतले 15 सीडीयूचे. जिंकलेले बाहेर, हरलेले आत. हा विनोद माझा नाही, तो जर्मन निवडणूक कायद्याचा आहे आणि तो अत्यंत गंभीरपणे करण्यात आला आहे.

धडा नववा: खातं मिळाल्यावर

2025 च्या मार्चमध्ये नव्या सरकारच्या वाटाघाटी चालू होत्या. नोकरशाही कमी करण्याच्या गटात पक्षाची बाजू आम्टोर मांडत होते. त्या गटाच्या कागदात एक मागणी निघाली: माहिती अधिकाराचा कायदा सध्याच्या रूपात रद्द करावा. हा जर्मन कायदा 1 जानेवारी 2006 पासून लागू, म्हणजे आपल्या माहिती अधिकाराचा जवळजवळ जुळा भाऊ. पत्रकारांनी लगेच आठवण करून दिली की मंत्रालयाकडून माहिती काढायला याच कायद्याची मदत झाली होती, आणि त्यात याच गृहस्थांचं प्रकरण होतं. ओरड झाली. अंतिम करारात 'रद्द' जाऊन 'सुधारणा' हा शब्द आला. मे महिन्यात आम्टोर राज्यकारभार आधुनिक करण्याच्या खात्यात दाखल झाले. कागद कमी करणं आता त्यांच्या कामाचा भागच आहे.

धडा दहावा: बंड

करायचंच असेल तर मोजून करा. 2025 च्या शरदात सीडीयू-सीएसयूचे 18 तरुण खासदार पेन्शनच्या विधेयकावर अडून बसले: म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं ओझं आमच्या पिढीवर का? सरकारचं बहुमत अवघ्या 12 मतांचं, त्यामुळे चॅन्सेलर फ्रीडरिख मेर्त्स यांना घाम फुटला. नोव्हेंबरात युंगे युनियनचं अधिवेशन रुस्ट गावात, तेही तिथल्या प्रचंड मनोरंजन उद्यानात. बाहेर झोपाळे आणि घसरगाड्या, आत मेर्त्स यांच्या भाषणाला पुतळ्यांसारखी बसलेली पोरं. एकेकाळी याच मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. 5 डिसेंबरला मतदान झालं आणि विधेयक मंजूर झालं. बहुतेकांनी शेवटी हातच वर केला. यादी पुढच्या वेळीही निघणारच आहे.

आम्टोर या भांडणात सरकारच्या बाजूच्या बाकावर होते. राज्यसचिव बंड करत नसतात.

एक शेवटची सूचना, अर्ज भरण्यापूर्वी वाचावी. युंगे युनियनची वयोमर्यादा 35 आहे, आणि पक्षाच्या ज्येष्ठांच्या संघटनेत, सेनिओरेन युनियनमध्ये, प्रवेश 60 पासून. फिलिप आम्टोर 10 नोव्हेंबर 2027 ला 35 वर्षांचे होतील.